टाळ, पेटी आणि वेदी : मराठी मिस्सागीतांविषयी काही विचार

सहा वर्षांपूर्वी माझी आई गेली. अंत्यविधीची मिस्सा आमच्या नेहमीच्या छोट्या चर्चमध्ये झाली. गायकवृंदात आठ-दहा मुलंमुली, एक की-बोर्ड आणि एक ढोलकी. मिस्सेच्या ऐन मध्यावर ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे स्तवन आलं आणि मुलांनी ते जोरात, ठेक्यात म्हटलं. चाल सगळ्यांना पाठ होती. मीच बसवलेली होती ती, पंचवीस वर्षांपूर्वी.

मिस्सेला आमच्या गल्लीतले हिंदू शेजारीही आले होते. त्यांच्यातले एक वृद्ध वारकरी गृहस्थ, ज्यांच्या भजनी मंडळात मी तरुणपणी पेटीची साथ केली होती, दफनविधीनंतर माझा हात धरून बाजूला घेऊन गेले. म्हणाले, “सर, रागावू नका. मायबाईचं सगळं चांगलं झालं. पण ते मधातलं गाणं सुरू झालं अन् मले तं तो पिक्चरच दिसला डोयापुढं.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. ती चाल मी एका लोकप्रिय हिंदी चित्रपटगीतावरून उचलली होती. तरुण पोरं चर्चमध्ये यावीत, गावीत, एवढाच हेतू होता. पोरं आली आणि गायलीही. चाल इतकी रुळली की ती कुठून आली हे मी स्वतःच विसरून गेलो होतो. ते आठवलं एका बाहेरच्या माणसाला, आणि तेही माझ्या आईच्या शवपेटीसमोर.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. उपासनेत संगीताचं काम नेमकं काय? गाणं ‘आदराचं’ आहे की नाही, हे ठरवायचं कशावरून? मी धर्मशास्त्री नाही. मी निवृत्त मराठी शिक्षक आहे आणि रविवारची पेटी वाजवतो. पण मराठी मिस्सागीतांकडे समीक्षेच्या नजरेनं फारसं कुणी पाहत नाही. ख्रिस्ती माणूस त्यांना भक्तीचा विषय समजून टीका टाळतो आणि इतरांना ती ऐकायलाच मिळत नाहीत. म्हणून हा प्रयत्न.

नियम काय सांगतात

बुलढाणा जिल्हा कॅथलिक व्यवस्थेत 1955 साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येतो. इथला कॅथलिक समाज लहान आणि विखुरलेला आहे. काही कुटुंबं मूळची मराठी. काही नोकरीनिमित्त केरळ, गोवा, तमिळनाडू, झारखंड इथून आलेली. धर्मगुरूही पुष्कळदा दक्षिणेतले. त्यामुळे एकाच मिस्सेत मराठी, हिंदी आणि एखादं इंग्रजी गीत एकापाठोपाठ येतं. अशा ठिकाणी ‘आपली परंपरा’ म्हणायची कुणाची, इथूनच वाद सुरू होतो.

आमच्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पूर्वी कसं ऑर्गनवर संथ लॅटिन गायन असायचं, तोच खरा आदर. ढोलकी आली आणि सगळं बिघडलं. दुसरा म्हणतो, लॅटिन गेलं हे बरं झालं; आता आपल्या मातीतलं काहीही गा, देवाला चालतं. दोघेही आधाराला व्हॅटिकनचं नाव घेतात. म्हणून मूळ दस्तऐवज मी पुन्हा नीट वाचून काढले.

22 नोव्हेंबर 1903 रोजी पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीतावर एक आदेश काढला. त्या काळी इटलीतल्या चर्चमध्ये ऑपेराच्या थाटाचं गाणं शिरलं होतं. एकेका गायकाच्या ताना, नाटकी आळवणी आणि खोळंबून राहिलेले धर्मगुरू, असा प्रकार होता. त्यावर हा उपाय होता. ग्रेगोरियन गायन हा नमुना ठरला. पियानोला आणि ढोल, झांजा यांसारख्या वाद्यांना चर्चमध्ये मनाई झाली. हा नियम अक्षरशः लावला तर टाळ-मृदंग चर्चच्या दारातच थांबतील.

पुढे दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक घोषणापत्रात ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान आणि पाइप ऑर्गनला मान कायम राहिला. पण ज्या देशांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे तिला योग्य मान द्यावा आणि पवित्र कार्यास साजेशी इतर वाद्येही घ्यावीत, असंही म्हटलं गेलं. मार्च 1967 मध्ये आलेल्या संगीतविषयक सूचनेत याचा तपशील आहे. वाद्य निवडताना त्या त्या लोकांची संस्कृती पाहावी. पण लोकमतानं आणि वापरानं जे वाद्य केवळ ऐहिक संगीताचंच ठरलं आहे ते उपासनेत आणू नये, असा तिचा रोख आहे.

इथे कसोटी वाद्याच्या आकारावरून त्याच्या आठवणीवर आली. झांज म्हटल्यावर 1903 मधल्या रोमला लष्करी बँड किंवा नाटकगृह आठवलं असेल. वऱ्हाडातल्या माणसाला टाळ म्हटला की दिंडी आठवते. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना खामगावला मुक्काम करते आणि मग हजारो माणसं तिच्यासोबत शेगावपर्यंत पायी चालतात. पांढरे कपडे, खांद्यावर पताका, हातात टाळ. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी ती अनेकदा पाहिली आहे. त्या टाळांच्या आवाजाला कुणी उथळ म्हणेल असं मला वाटत नाही. म्हणजे ऑर्गनवाल्या पक्षाचं म्हणणं आमच्या मातीत टिकत नाही. पण दुसऱ्या पक्षानंही लगेच खूश होऊ नये. आठवणीची हीच कसोटी माझ्या चालीला लावली, तर ती साफ नापास होते.

मराठीची जुनी वाट

मराठीत ख्रिस्ती उपासनेचं गाणं व्हॅटिकन परिषदेनंतर आलं, हा समज चुकीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राचोल इथे छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमध्ये लोकांपुढे वाचला जाई. मुख्य लॅटिन विधीला धक्का न लावता, त्याच्या शेजारी, लोकांच्या कानाला ओळखीची ओवी त्यानं ठेवली. ओवी ही जात्यावर आणि ज्ञानेश्वरीच्या पारायणात घडलेली चाल आहे. तिच्यात शब्द पुढे असतो आणि सूर त्याला आधार देतो. ग्रेगोरियन गायनाचंही तत्त्व हेच. दोन्हींतलं हे साम्य स्टीफन्सला जाणवलं असेल का, हे सांगता येत नाही; पण त्याची निवड नेमकी होती. पुढे 1684 साली पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला आणि ही वाट अरुंद होत गेली.

दुसरी वाट प्रॉटेस्टंटांची. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी भजन आणि अभंगाच्या रूपात ख्रिस्ती भक्तीला अस्सल मराठी भाषा दिली. माझी आई नगर जिल्ह्यातली. टिळकांची पदं ती स्वयंपाक करताना म्हणायची. लग्नानंतर ती कॅथलिक झाली, पण ती पदं घरातून गेली नाहीत. मी पेटी शिकलो तो त्यांच्यावरच.

कॅथलिकांकडे हा प्रश्न खऱ्या अर्थानं आला तो मिस्सा मराठीत झाल्यावर. 1969 साली भारतासाठी बारा मुद्द्यांची मुभा मिळाली. मांडी घालून बसणं, हात जोडून नमस्कार, समई, आरती यांना वाव मिळाला. मुंबईत फादर जॉर्ज प्रॉक्श या जर्मन धर्मगुरूनं भारतीय संगीत आणि नृत्यातून ख्रिस्ती भक्ती मांडण्याचं काम केलं होतं. वसई ते नागपूर गीतसंग्रह निघाले. उत्साह मोठा होता. पण या उत्साहात एक गोष्ट निसटली. स्टीफन्सचं पुराण आणि टिळकांचं भजन ही विधीच्या भोवतालची गाणी होती. आता गाणं विधीच्या पोटात जायचं होतं. त्यासाठी निराळा विचार लागतो, आणि तो आम्ही केला नाही.

चाल उसनी घेणं हा गुन्हा नाही

माझ्या चालीचा दोष ती उसनी होती हा नाही. तसं असतं तर निम्मं भक्तिसंगीत बाद करावं लागेल. हान्स लिओ हास्लर यांची 1601 सालची एक प्रेमगीताची चाल पुढे येशूच्या दुःखसहनाच्या सर्वांत प्रसिद्ध गीताची झाली. ‘सशस्त्र माणूस’ अशा अर्थाच्या एका लौकिक फ्रेंच गाण्यावर पंधराव्या-सोळाव्या शतकांत अनेक थोर रचनाकारांनी मिस्सा रचल्या. आपल्याकडे 1882 च्या ‘सौभद्र’मध्ये किर्लोस्करांनी साकी, दिंडी आणि कीर्तनातल्या चाली घेतल्या. नंतर नाट्यपदांच्या चाली उलट भजनी मंडळांत शिरल्या. चाल काही कुणाच्या एकट्याच्या मालकीची नसते.

दोष कुठे येतो, ते त्या वारकरी शेजाऱ्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. चाल जर आपले जुने शब्द आणि जुनं दृश्य सोबत घेऊन येत असेल, तर ऐकणारा एकाच वेळी दोन ठिकाणी असतो. तोंडानं देवदूतांचं स्तवन आणि डोळ्यांपुढे नायक-नायिका. हास्लरच्या चालीची ती आठवण पुसली गेली. ती पुसायला पिढ्या जाव्या लागल्या. चित्रपटाची चाल तर रोज रेडिओवर, लग्नाच्या बँडवर, मोबाइलवर ताजी होत राहते. तिला विसरायला आपण वेळच देत नाही. जी चाल गावाला अजून दुसऱ्या शब्दांनी पाठ आहे, ती विधीत आणू नये, हा माझा पहिला निष्कर्ष.

यावर तरुण मुलांचा आक्षेप असतो, आणि तो मी हलका मानत नाही. “सर, तुमच्या ओव्या-अभंगाच्या चाली आम्हाला कुठं येतात? येतं तेच गातो ना!” जे येतं त्यातूनच गाणं उभं राहतं, हे खरं. पण जे येतं त्यात निवड करायला हवी, आणि नवं शिकवायचं काम आमचं होतं. ते आम्ही केलं नाही. सोपं म्हणून मी सिनेमाकडे गेलो.

पायऱ्या उलट्या

1967 च्या त्याच सूचनेत गायनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली आधी साधावी आणि तिच्यावर पुढच्या चढवाव्यात, असा क्रम आहे. पहिल्या पायरीत धर्मगुरू आणि लोक यांचे संवाद, शुभवर्तमानावेळचे प्रतिसाद, ‘पवित्र, पवित्र’ आणि प्रभूची प्रार्थना येतात. दुसरीत ‘दया कर’, गौरवगीत, देवाच्या कोकराचं स्तवन, मतांगीकार. प्रवेशगीत, अर्पणगीत, कम्युनियनगीत ही सगळी तिसऱ्या पायरीवर.

आता आपल्या चर्चमध्ये काय चालतं ते पाहा. नाताळच्या आधी महिनाभर तालीम होते ती प्रवेशगीताची आणि कम्युनियनगीताची. वाद्यवृंद त्यांनाच. धर्मगुरू आणि लोकांचा संवाद कोरडा बोलला जातो. प्रभूची प्रार्थना तर घाईत उरकली जाते. तिसरी पायरी रंगवलेली आणि पहिली ढासळलेली. आदर कमी झाला अशी तक्रार करणाऱ्यांनी ढोलकीकडे बोट दाखवण्याआधी हे पाहावं. ज्या जागी लोकांचा स्वतःचा आवाज उठायला हवा तिथे लोक गप्प, आणि जिथे ते शांतपणे चालत वेदीकडे जाणार तिथे कार्यक्रम.

1963 च्या घोषणापत्राचं एक सूत्र मला इथे फार उपयोगी वाटतं. संगीत उपासनेच्या कृतीशी जितकं जवळून जोडलेलं, तितकं ते पवित्र. म्हणजे पावित्र्य रागात नाही, वाद्यात नाही आणि गायकाच्या चेहऱ्यावरच्या भावातही नाही. ते गाण्याच्या जागेत आणि कामात आहे.

ध्रुपद कुठे बसतं

आता रचनेकडे. मराठी भजनाचा कणा म्हणजे ध्रुपद. बुवा एक चरण म्हणतात, टाळकरी ध्रुपद उचलतात. ज्याला एक ओळ येते तोही पूर्ण सहभागी होतो. मिस्सेतल्या पहिल्या वाचनानंतरच्या प्रतिसाद-स्तोत्राची बांधणी नेमकी हीच आहे. एक गायक स्तोत्राच्या ओळी म्हणतो, लोक एकच पालुपद परत परत म्हणतात. मराठी भजनासाठी मिस्सेत आयती तयार असलेली ही जागा आहे, आणि आमच्याकडे तिथे बहुधा स्तोत्र नुसतं वाचलं जातं! कम्युनियनच्या रांगेतही ध्रुपद शोभतं, कारण चालणाऱ्या माणसाच्या हातात पुस्तक नसतं.

गौरवगीत मात्र सरळ पुढे जाणारं गद्य स्तवन आहे. त्यात मागे वळणं नाही. त्याच्या पहिल्या वाक्याचं ध्रुपद करून प्रत्येक कडव्यानंतर ते घोळवलं की मजकुराची चाल मोडते. ‘पवित्र, पवित्र’चं तर मी स्वतः वाटोळं केलं होतं. मूळ मजकूर चार-पाच ओळींचा. मी त्याचं ध्रुपद केलं, यमकांसाठी तीन कडवी पदरची जोडली आणि मध्ये की-बोर्डचे तुकडे टाकले. धर्मगुरू वेदीपाशी हात जोडून थांबलेले आणि आमचं गाणं सुरूच. 1903 चा आदेश ज्या प्रकाराविरुद्ध काढला गेला तोच प्रकार मी खामगावच्या परिसरात मराठीत करून दाखवला होता.

आरतीचंही तसंच. 1969 च्या मुभेप्रमाणे महाप्रार्थनेच्या शेवटी आरती करता येते. पण त्या प्रार्थनेचा खरा शेवट आहे लोकांचं ‘आमेन’. साऱ्या प्रार्थनेला लोकांनी दिलेली ती संमती असते. आरतीचं गाणं लांबलं की ते आमेन त्यात बुडून जातं. घंटा वाजते, धूप दरवळतो, डोळे पाणावतात आणि लोकांचा स्वतःचा एकमेव शब्द मात्र ऐकू येत नाही.

ही शिस्त परकी आहे असं कुणी म्हणू नये. वारकरी भजनाला क्रम असतो. आरंभीचा नामघोष, मग रूपाचे अभंग, हरिपाठ, पुढे गौळणी आणि अखेरीस निरोपाची पदं. गौळण कितीही गोड असली तरी जाणता बुवा तिनं भजन उघडत नाही. काल्याचं कीर्तन काल्यालाच होतं. डॉ. अशोक दा. रानडे यांनी भक्तिसंगीत ही स्वतंत्र कोटी मानली. कलासंगीताचे निकष तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे या मांडणीतून सहज निघतं. मिस्सागीतांना मी आणखी एक पायरी खाली उतरवतो. ते भक्तिसंगीतही आहे आणि विधिसंगीतही. सभागृहात जे भजन सुंदर, ते वेदीसमोर चुकीचं असू शकतं.

यंत्राचा ताल आणि शांतता

की-बोर्डवर एक कळ दाबली की तयार ताल सुरू होतो. लहान चर्चला तो सोयीचा, कारण वादक मिळत नाही. पण तो ताल कुणासाठी थांबत नाही. म्हातारं माणूस ओळीच्या शेवटी श्वास घेतं, मूल शब्द विसरतं, धर्मगुरूंना एखादा क्षण अधिक लागतो. मृदंगवादक हे ऐकतो आणि हात आवरतो. यंत्राला ऐकू येत नाही. 1958 च्या रोमच्या सूचनेत ग्रामोफोनसारख्या आपोआप वाजणाऱ्या साधनांना उपासनेत मज्जाव होता. तेव्हा मला तो जुनाटपणा वाटला होता. आता त्यामागचं कारण पटतं. उपासना जिवंत माणसांनी करायची असते.

आणि शांतता. 1963 चं घोषणापत्र योग्य वेळी आदरपूर्वक मौन राखायला सांगतं. आमच्याकडे कम्युनियननंतर एक क्षणही रिकामा जात नाही. गाणं संपलं की दुसरं गाणं, नाही तर सूचना. गायकवृंदाला वाटतं, आपण थांबलो तर काही तरी राहून गेलं. मलाही तसंच वाटत असे.

आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेला मी मुलांशी बोललो. माझी ती चाल मीच मागे घेतली. थोडी कुरकुर झाली, एका मुलीनं स्पष्टच विचारलं, “सर, मग इतकी वर्षं आमच्याकडून का गाऊन घेतली?” माझ्याजवळ चांगलं उत्तर नव्हतं. ‘पवित्र, पवित्र’चा मूळ मजकूर, एक शब्द न वाढवता, हरिपाठाच्या धर्तीवर बसवला. बराचसा भाग एकाच सुरावर, ओळीच्या शेवटी सूर खाली उतरतो, एवढंच. प्रतिसाद-स्तोत्राला ध्रुपद केलं. साथीला फक्त पेटी आणि एक टाळजोडी. टाळ वाजवायला त्या वृद्ध शेजाऱ्यांचा नातू आला होता. पहिल्या रविवारी गाणं फिकं वाटलं, काही लोकांनी तसं बोलूनही दाखवलं. तिसऱ्या-चौथ्या रविवारी मागच्या बाकांवरून आवाज येऊ लागला. तिथे एक केरळची परिचारिका बसते, तिला मराठी वाचता येत नाही. चार ओळी तिला ऐकून पाठ झाल्या होत्या.

कम्युनियननंतर आता आम्ही काही वाजवत नाही. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा की-बोर्डवरचा मुलगा दोनदा माझ्याकडे पाहून खुणेनं विचारत होता, सुरू करू का? मी मान हलवून नको म्हटलं. बाहेर रस्त्यावरून एसटी गेली, कुणाचं तरी मूल रडलं, मग तेही थांबलं. धर्मगुरू उठेपर्यंत आम्ही सगळे नुसते बसून होतो.